गाजरगवत आणि कातडीची स्मरणशक्ती

पुण्यात एखादा प्लॉट दोन पावसाळे मोकळा राहिला, की तिथे कोण येऊन बसणार हे ठरलेलं असतं. गाजराच्या पाल्यासारखी पानं, कमरेएवढी उंची, वर बारीक पांढरी फुलं. गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी पांढरफुली, कुणी चटकचांदणी. हिंजवडीला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून मला ते रोज दिसतं. आणि ‘सेन्सिटिव्ह स्किन’ लिहिलेली फेसवॉशची जाहिरात फोनवर आली, की मला हेच झाड आठवतं. कारण आपल्याकडे कातडी ‘संवेदनशील’ होते म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला याच्याइतकी चांगली गोष्ट नाही.

हे झाड मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातलं. भारतात ते पसरायला लागल्याची नोंद पुण्याची आहे. 1955 मध्ये ते इथे कचऱ्याच्या ढिगांवर दिसलं आणि आर. एस. राव यांनी 1956 मध्ये ते प्रसिद्ध केलं. ‘अमेरिकेच्या पीएल-480 च्या गव्हातून आलं’ ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पण तारखा बघा. कायदा 1954 चा, भारताने करार केला ऑगस्ट 1956 मध्ये, आणि झाड 1955 मध्ये पुण्यात हजर. 1951 मध्येही अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिलं होतं, त्यामुळे धान्यातून बी आलं असण्याची शक्यता उरते. पीएल-480 वर थेट ठपका मात्र बसत नाही.

एक झाड साधारण 15,000 ते 25,000 बिया टाकतं. त्या हलक्या असतात. वाऱ्याने, पाण्याने, ट्रकच्या चाकांना लागून कुठेही जातात. रस्त्यांच्या कडा, रेल्वेचे रूळ, कालवे, मग शेतं. आणि झाडाच्या मागोमाग एक दुखणं आलं. चेहरा, मान, कोपराचा आतला भाग लाल होऊन सुजायचा, खाजायचा, पुढे कातडी जाड आणि काळी पडायची. त्रास मुख्यतः उघड्यावर राबणाऱ्यांना.

उन्हाचा त्रास म्हणून हे सहज खपलं असतं. पण त्यात एक खूण होती. ऊन वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागचा भाग सहसा सोडतं, कारण तिथे सावली असते. या रुग्णांचे नेमके तेच भाग सुजलेले असायचे. जे सावलीतही पोचतं ते ऊन नसतं, ती हवेतली धूळ असते. या झाडावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं आणि वाळलेल्या झाडाचा चुराही ते घेऊन उडतो. 1974 मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा या आजारावरचा लेख लंडनच्या त्वचारोगविषयक नियतकालिकात आला.

संशय पक्का करायची पद्धत तोवर जुनी झाली होती. 1895 मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या योसेफ यादासोन या डॉक्टरने पाऱ्याच्या औषधाने अंगावर उठलेल्या रुग्णाच्या चांगल्या कातडीवर तोच पारा पुन्हा लावून पाहिला. तिथेही तसंच उठलं. पॅच टेस्ट ती हीच. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवायचे, दोन दिवसांनी काढून बघायचं, पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा बघायचं.

इतके दिवस का? पार्थेनिनचा रेणू लहान असतो. तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो आणि शरीराला ती जोडगोळी परकी वाटते. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. त्या काळात विशिष्ट पांढऱ्या पेशी ओळख पाठ करत असतात. एकदा पाठ झालं की पुढच्या प्रत्येक भेटीला त्या हजर होतात, पण जमायला त्यांना एक ते तीन दिवस लागतात. म्हणून आज उठलेल्या पुरळाचं कारण परवाच्या दिवसात शोधावं लागतं. आमच्या भाषेत, एरर आत्ता दिसतो, लॉग मागचा वाचायचा. ही ओळख वर्षानुवर्षं टिकते.

माझ्या आईच्या वडिलांना हे होतं. दौंडकडे त्यांची चार एकर शेती. दर पावसाळ्यात पापण्या इतक्या सुजायच्या की सकाळी डोळे उघडायचे नाहीत. थंडीत उतार पडायचा, मग तोही थांबला. ‘अंगात उष्णता आहे’, ‘रक्त बिघडलंय’ असं सगळे म्हणायचे. पथ्यं झाली, लेप झाले. कोणी स्पर्श टाळायचे, परकरी पोरं घाबरायची. हे लागट नाही, हे कोणीच सांगितलं नव्हतं. पॅच टेस्ट झाली तोवर बारा वर्षं गेली होती. पाठीवर गाजरगवताच्या जागी लाल फुगवटा आला. डॉक्टर म्हणाले, ‘बाबा, शेतातलं हे गवत तुम्हाला सोसत नाही.’ आजोबांनी शेत वाट्याने दिलं आणि ओट्यावर बसले. त्यांना खाजेपेक्षा ते जास्त लागलं.

त्यामुळे ‘सेन्सिटिव्ह’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, हे मला खटकतं. कडक साबणाने कोणाचीही कातडी चुरचुरते, ते झालं प्रमाणाचं भांडण. काहींना पुरळ न उठता नुसतं टोचतं. आणि तिसरी ही ॲलर्जी, जिथे थोडंसंही पुरतं. पहिल्या दोघांना सौम्य साबण, कोमट पाणी, आंघोळीनंतर लगेच साधं मॉइश्चरायझर याने बराच फरक पडतो. तिसऱ्याला क्रीमने तात्पुरता आराम मिळेल, पण कारण सापडेपर्यंत सुटका नाही.

गाजरगवताच्या बाबतीत कारण सापडल्यावर करायच्या गोष्टी साध्या आहेत. पूर्ण बाह्या, बाहेरून आल्यावर तोंड-हात धुणं, कपडे त्या गवताजवळ वाळत न घालणं. ते उपटायचं फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, आणि ॲलर्जी असणाऱ्याने नाहीच. ते सूर्यफुलाच्या कुळातलं असल्याने अशा काहींना शेवंतीही सोसत नाही. 1984 मध्ये बंगळुरूत मेक्सिकन भुंगे सोडले गेले. ते पानं खातात, पण गवत संपलेलं नाही.

चेहऱ्यावर सतत काही उठत असेल तर नवीन बाटली घेण्याआधी वही घ्या. दोन-तीन दिवसांपूर्वी कुठे गेलात, काय लावलंत, कशाला हात लावलात, ते लिहा. ती वही घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. आजोबांची बारा वर्षं याच एका प्रश्नाअभावी गेली.