लाकडी जहाज-प्रतिकृती

खऱ्या जहाजाची मापे ठरावीक प्रमाणात लहान करून लाकूड, दोरा व थोडा धातू वापरून घडवलेले त्याचे प्रतिरूप. आज ही कला मुख्यत्वे छंद म्हणून जोपासली जाते, पण तिचा गाभा अभ्यासाचा आहे. मूळ जहाज बहुधा बुडालेले, मोडीत निघालेले वा कुजून गेलेले असते. त्याची बांधणी कशी होती, हे शोधूनच प्रतिकृती उभी राहते.

इतिहास : ईजिप्तमधील थीब्झ येथे मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली नौकांच्या लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असून त्यांत वल्हेकरीही बसवलेले आहेत. राजा तूतांखामेनच्या थडग्यातही अशा पस्तीस नावा होत्या. मध्ययुगीन यूरोपात खलाशी नवस फेडण्यासाठी चर्चला जहाजाची प्रतिकृती वाहत. स्पेनमधील मातारो येथील पंधराव्या शतकातील अशी प्रतिकृती आता रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे आणि त्या काळच्या जहाजबांधणीचा ती महत्त्वाचा पुरावा मानली जाते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये नौदल मंडळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृती तयार झाल्या. त्या बहुधा १:४८ या प्रमाणात असत आणि आतली चौकट दिसावी म्हणून बुडाकडचा भाग फळ्यांविना उघडा ठेवला जाई. ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेतील अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत त्यांचे मोठे संग्रह आहेत. अ‍ॅनापोलिसचा संग्रह हेन्री हटलस्टन रॉजर्स यांच्या मृत्युपत्रानुसार १९३५ मध्ये अकादमीला मिळाला. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत असलेल्या फ्रेंच सैनिकांनी जेवणातल्या हाडांपासून व लाकडापासून जहाजे घडवून विकली. नॉर्मन क्रॉस येथील युद्धकैद्यांचा तळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. या जहाजांची कारागिरी नाजूक आहे, मात्र मापे पुष्कळदा अंदाजाची असल्याने पुरावा म्हणून ती जपूनच वापरावी लागतात.

प्रमाण व आराखडा : १:४८ म्हणजे मूळच्या चार फुटांसाठी प्रतिकृतीत एक इंच. इंग्रज नौसेनानी नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ (जलावतरण १७६५) हे जहाज तोफांच्या तळमजल्यावर १८६ फूट लांब आहे. या प्रमाणात ती लांबी सुमारे ११८ सेंमी. होते, तर १:९६ मध्ये ५९ सेंमी. प्रमाण निवडताना घरातील जागेइतकाच तपशिलाचाही विचार करावा लागतो. मूळचा ४८ मिमी. जाडीचा दोर १:४८ मध्ये एक मिमी. जाड असतो, १:९६ मध्ये त्याच्या निम्मा. सी. नेपियन लाँगरिज यांनी १९५५ च्या ग्रंथात ‘व्हिक्टरी’च्या बांधणीचे आणि झां बूद्रिओ यांनी १९७३–७७ मधील चार खंडांत चौऱ्याहत्तर तोफांच्या फ्रेंच जहाजाचे सविस्तर विवेचन केले. हे ग्रंथ आजही कारागिरांच्या हाताशी असतात.

लाकूड : मूळ जहाज ओकचे वा सागाचे असले, तरी प्रतिकृतीसाठी ही लाकडे सहसा टाळतात. त्यांची छिद्रे व रेषा ठळक असल्याने लहान आकारात त्या विसंगत दिसतात. बॉक्सवुड, नासपती, लाइम यांसारखी बारीक पोताची लाकडे अधिक योग्य ठरतात. शिशाचे सुटे भाग वापरू नयेत. बंद काचपेटीत लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ते हळूहळू झिजते.

कवचाची बांधणी : कवच चार पद्धतींनी घडवतात : अखंड ठोकळा कोरून, सपाट फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून व तासून, कण्यावर आडवे पडदे उभे करून त्यांवर फळ्या मारून, आणि खऱ्या जहाजाप्रमाणे कणा व बरगड्या जुळवून. बाजारातील बहुतेक तयार संच तिसऱ्या पद्धतीचे असतात. चौथी पद्धत सर्वांत कष्टाची आणि सर्वांत बोधप्रद आहे.

फळ्या मारणे हा कसोटीचा टप्पा होय. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा व नाळेकडे लहान असतो. म्हणून दोन्ही ठिकाणचा घेर मोजून त्याला फळ्यांच्या संख्येने भागतात आणि प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करतात. रुंदी निम्म्याहून कमी होऊ लागली, तर एक फळी मध्येच संपवून शेजारच्या फळीत बेमालूम जुळवतात. पिछाडीला घेर वाढत असेल, तर तेथे जादा तुकडा घालतात. फळ्या डावीउजवीकडे आलटून-पालटून बसवतात, नाहीतर कणा पिळतो.

डोलकाठ्या व दोर : डोलकाठ्या, परबाणे (शिडाच्या आडव्या काठ्या) आणि दोर यांना बांधणीइतकाच वेळ लागू शकतो. रेशीम काळाने जीर्ण होते, म्हणून लिननचा वा पॉलिएस्टरचा दोरा घेतात. अनेक कारागीर छोट्या यंत्रावर पीळ देऊन हव्या त्या जाडीचा दोर स्वतः वळतात. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर एका बाजूने सगळे न ताणता जोडीजोडीने ताणतात, त्यामुळे डोलकाठी सरळ राहते.

परस्पर मार्गदर्शन : हे ज्ञान शाळेत फारसे शिकवले जात नाही, ते कारागिराकडून कारागिराकडे जाते. अमेरिकेत १९४८ मध्ये स्थापन झालेला नॉटिकल रिसर्च गिल्ड नियतकालिक काढून हेच काम करतो. ठिकठिकाणच्या मंडळांत अर्धवट प्रतिकृती मुद्दाम मांडली जाते, कारण सरस लावण्यापूर्वी सांगितलेली चूक सुधारता येते. सल्ला मागणाऱ्याने आराखडा, प्रमाण व छायाचित्र पुढे ठेवावे. सल्ला देणाऱ्याने आधार सांगावा आणि माहिती कोठे संपते व अंदाज कोठे सुरू होतो, हे स्पष्ट करावे. नवशिक्याला अनुभवी मंडळी सहसा एका डोलकाठीची साधी बोट सुचवतात. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेने सुरुवात केल्यास दोरांच्या जंजाळात काम अर्धवट सुटण्याचा धोका असतो.

भारत : लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे मुंबई गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले असल्याने प्रतिकृतीकारांना मूळ जहाजच पाहता येते. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेले, काथ्याने शिवलेले ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले. मूळ जहाजाचा आराखडा हाती नसल्याने आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर जलचाचण्या घ्याव्या लागल्या. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाज-प्रतिकृतींच्या स्पर्धा होतात.

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. मराठी हौशी कारागिराने परदेशी संचाबरोबरच किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या लाकडी होडीची मापे घ्यावीत, ती बांधणाऱ्या सुताराला विचारून प्रत्येक भागाचे नाव व काम लिहून ठेवावे आणि मग प्रतिकृती हाती घ्यावी. अशा लेखी नोंदीसह केलेली प्रतिकृती पुढील अभ्यासकांसाठी भरवशाचा पुरावा ठरते.