कच्चें मडकें

पुढारी पुरुषांचे अनुयायी त्यांचे विजय जपून ठेवतात आणि त्यांच्या फजित्या झांकून टाकतात, हा इतिहासाचा नित्याचा अनुभव आहे. नामदेवांचें चरित्र या रीतीला मोठा अपवाद होय. भरल्या संतमेळ्यांत झालेली त्यांची मानहानि वारकरी संप्रदाय पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून आपण होऊन सांगत आला आहे.

नामदेवांचा जन्म शके ११९२ म्हणजे सन १२७० चा. जन्मस्थानाविषयीं संशोधकांत एकमत नाहीं. तथापि कयाधूकांठचें नरसी हें त्यांचें मूळ गांव अशी प्रसिद्धि असून, १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत तें मोडतें. कुल शिंप्याचें. विठ्ठलाचा लाडका भक्त हा लौकिक तरुणपणींच मिळालेला.

अशा स्थितींत गोरोबा कुंभारांनीं, मुक्ताबाईंच्या सूचनेवरून, हातीं थापटणें घेतलें आणि मडकें पारखावें तसें एकेका संताच्या डोक्यावर ठोकून पाहिलें. इतर सारे निमूट बसले. नामदेव मात्र संतापले. मडकें कच्चें ठरलें! नामदेव रडत पंढरीस गेले, तेव्हां विठ्ठलानेंही संतांचीच बाजू घेतली आणि त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलें. औंढा नागनाथाच्या देवळांत विसोबा शिवलिंगावर पाय टाकून पडले होते. नामदेवांनीं दोष देतांच ते म्हणाले, देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. तशी जागा नामदेवांना सांपडली नाहीं.

हे विसोबाही पूर्वीं ज्ञानदेवादि भावंडांची निंदा करीत आणि मग त्यांनाच शरण गेले, असें परंपरा सांगते. शिकविणारा स्वतः एकदां चुकलेला होता, ही गोष्ट मला या कथेंत विशेष वाटते.

महिपतींनीं १७६२ च्या ‘भक्तविजयां’त ही कथा रंगवून सांगितली, नामदेवांच्या गाथेंतही ती आहे. पण त्या गाथेंत विष्णुदास नाम्यासारख्या उत्तरकालीन कवींची रचना मिसळलेली असल्यामुळें तिची साक्ष जपूनच घ्यावी लागते. नामदेवांना नाथपरंपरेशीं जोडण्याकरितां ही कथा रचली असेल, अशी शंकाही घेतां येईल. परंतु नुसता गुरु जोडावयाचा असता तर थापटण्याचा मार कशाला हवा होता? आपल्या आराध्य पुरुषाला कमीपणा आणणारी गोष्ट भक्त सहसा कल्पनेनें निर्माण करीत नाहीं. चमत्कार बाजूला ठेवले, तरी आपण कच्चे आहोंत हें नामदेवांनीं ओळखलें व तें लपविलें नाहीं, एवढा गाभा मला विश्वसनीय वाटतो.

त्यांचें पुढील वर्तन याच्याशीं जुळतें. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधि’ या प्रकरणांतून ज्ञानदेवांचें चरित्र गाण्याचा मान परंपरा नामदेवांनाच देते. त्यांच्या घरची दासी जनाबाई कवयित्री झाली. मंगळवेढ्यास कुसूं कोसळून चोखामेळा गाडला गेला, तेव्हां त्याच्या अस्थि नामदेवांनीं पंढरीस आणल्या, असें सांगतात. पण खरी कसोटी पंजाबांत लागली. तेथें विठ्ठलाचें देऊळ नव्हतें, मराठी जाणणारें कोणी नव्हतें, आणि मागील आयुष्य झांकून नवा मोठेपणा मिरविणें सहज शक्य होतें. १६०४ सालीं सिद्ध झालेल्या शिखांच्या ग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांत ते आपली शिंप्याची जात उघड सांगतात, आणि भजन करतांना देवळांतून हात धरून उठविल्याची हकीकतही सांगतात. (औंढ्याचें देऊळ नामदेवांकरितां फिरल्याची दंतकथा याच प्रसंगाची.) निर्गुणाची भाषा बोलतांना ‘बीठल’ हें नांवही त्यांनीं टाकलें नाहीं. गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें स्थान आजही पूजिलें जातें. २०१५ सालीं ८८ वें मराठी साहित्यसंमेलन तेथेंच भरलें होतें.

१३५० सालीं नामदेवांनीं देह ठेवला. संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनीं पंढरपूरच्या महाद्वारांतील पायरीची जागा मागून घेतली, असें वारकरी मानतात. त्या पायरीवर आज मात्र कोणी पाय ठेवीत नाहीं. यात्रेकरू तिला हात लावून नमस्कार करतात आणि ती ओलांडून आंत जातात.