सुभेदारसाहेबांच्या जीपचा डॅशबोर्ड

जयपूरच्या पोस्टिंगमध्ये दोन तिरक्या गोष्टी जवळून बघितल्या. एक सवाई जयसिंगाने मुद्दाम तिरकी बांधलेली, दुसरी माझ्या हातून तिरकी झालेली. दुसरीपासून सुरुवात करतो, कारण ती झाली नसती तर पहिलीकडे मी टुरिस्टासारखा फोटो काढून निघून गेलो असतो.

आमच्या लाईनपासून जवळच एक रिटायर्ड सुभेदारसाहेब राहायचे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, मुलाच्या नोकरीमुळे जयपुरात आलेले. डिस्पोजलमधून फिरत फिरत आलेली एक जुनी जीप त्यांनी घेतली होती. चासी आणि कागद जागेवर, बाकी सगळा गंज. कागद महत्त्वाचे, कारण आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ स्वरूपाशी मनमानी करता येत नाही. म्हणून गाडी जशी होती तशीच पुन्हा उभी करायची आणि एकदा साताऱ्यापर्यंत न्यायची, एवढाच त्यांचा हट्ट. पत्र्याची नवी बॉडी एका कारागिराकडून बनवून आणली. ती आली तेव्हा डॅशबोर्डच्या जागी नुसता कोरा पत्रा. भोकं आपली आपण पाडायची.

मी ईएमईचा माणूस. मला काय अवघड! असं वाटलं होतं.

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीतून आला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, तो डॅशबोर्ड. घोडा गेला, इंजिन आलं, फळी मात्र राहिली आणि तिच्यावर घड्याळं चढली. १९४१ साली उत्पादनात आलेल्या विलीज जीपवर अशी पाच होती: मधोमध स्पीडोमीटर, भोवती पेट्रोल, ऑइलचं प्रेशर, पाण्याचं तापमान आणि अँपिअर. महायुद्धात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीपा बनल्या. त्या कुठल्या खंडात, कुणाच्या हातात जातील याचा भरवसा नव्हता. पण पाचही घड्याळं मधोमध असल्याने पुढे उजव्या हाताचं स्टिअरिंग करताना त्यांची जागा हलवावी लागली नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीप जोडायला घेतली तेव्हा गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतूनच येत. म्हणजे आपल्या देशात जीप आली तीच मुळी जोडायची गाडी म्हणून. पुढे १९६५ ला कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी असल उत्तरला पॅटन रणगाडे फोडले, ते अशाच जीपवरच्या आरसीएल तोफेने. सुभेदारसाहेब जीपच्या बॉनेटवरून हात फिरवायचे तेव्हा त्यांच्या डोक्यात हे सगळं असायचं. माझ्या डोक्यात फक्त होल-सॉ होता.

पुठ्ठ्याचा नमुना कापला, पत्र्यावर चिकटवला, स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध आणला आणि दोन भोकं पाडली. मागे सरकून बघतो तर घड्याळं एकीकडे झुकलेली. बॉडीच्या कडेशी समांतर नाहीत, स्टिअरिंगशी नाहीत, कशाशीच नाहीत.

"आरं, लेवल काय बघतोस? गाडी तरी सरळ उभी हाय का?"

नव्हती. अंगणाला पाणी वाहून जायला उतार दिला होता. मी पृथ्वीशी अचूक समांतर भोकं पाडली होती, आणि गाडी पृथ्वीशी समांतर नव्हती. ट्रेनिंगमध्ये तोफेच्या साइटबद्दल शंभर वेळा ऐकलेली गोष्ट, की आधी मोजायचं कशापासून ते ठरव, ती घरच्या कामात विसरलो.

त्याच रविवारी जरा तोंड चुकवायला म्हणून जंतर मंतरला गेलो. (पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंग वेगळा. हा सवाई जयसिंग, त्याच्याच घराण्यातला, पण पुढच्या पिढ्यांतला.) त्याने १७२७ साली जयपूर वसवलं आणि त्याच सुमारास ही वेधशाळा बांधायला घेतली. त्याच्या पदरचे ज्योतिषी जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रातले. युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात 'रेखागणित' म्हणून त्यांनीच आणली. तिथलं सम्राट यंत्र २७ मीटर उंच. त्याची भिंत जिन्यासारखी चढत जाते, बरोबर जयपूरच्या अक्षांशाएवढ्या, म्हणजे सुमारे २७ अंशांच्या कोनात. त्यामुळे तिची कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते. भिंतीची सावली बाजूच्या कमानीवर मिनिटाला सहा सेंटिमीटरच्या वर सरकते. टक लावली तर चालताना दिसते. जमिनीशी काटकोन धरून सरळ भिंत बांधली असती तर दिसायला शोभली असती आणि वर्षभर खरी वेळ दाखवू शकली नसती.

अशा यंत्राचंही मोजमाप बिघडतं. चुना झिजतो, खुणा पुसतात. १९०१ मध्ये याची मोठी डागडुजी झाली ती लेफ्टनंट गॅरेट या रॉयल इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. त्याच्या मदतीला होता चंद्रधर शर्मा गुलेरी, जेमतेम अठरा वर्षांचा जयपूरचा पोरगा. दोघांनी मिळून वेधशाळेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते पुढच्या वर्षी निघालं. हाच गुलेरी १९१५ साली 'उसने कहा था' लिहितो. खंदकातल्या लहनासिंगाची ती कथा हिंदी पट्ट्यातले आमचे जवान शाळेतच वाचून आलेले असतात. यंत्राच्या खुणा सरळ करणारा आणि सैनिकाची गोष्ट लिहिणारा माणूस एकच, हे कळलं तेव्हा तिथल्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिलो.

परत येऊन पहिल्यापासून सुरुवात. गाडी चार स्टँडवर घेतली, चासीच्या दोन्ही दांड्या एका पातळीत आणल्या. पुढच्या आणि मागच्या क्रॉसमेंबरच्या मध्यातून दोरा ताणला, ओळंबा सोडला. बॉडी एका बाजूला अर्धा बोट बसलेली निघाली. तिच्या खालच्या रबरी पॅडखाली पट्ट्या सारून ती उचलली. मग मधली रेघ डॅशबोर्डवर आणली. जुनी दोन भोकं वेल्डिंगने बुजवून घासली. सुभेदारसाहेबांना सीटवर बसवून स्टिअरिंग धरायला लावलं, तेव्हा कळलं की चाकाची कड ऑइलचं घड्याळ झाकते. तेच तर सगळ्यांत आधी दिसायला हवं! त्याची आणि पेट्रोलची जागा बदलली.

अँपिअरच्या घड्याळातून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर इन्सुलेशन घासून गाडी पेटते. ऑइलच्या घड्याळापर्यंत तर खुद्द गरम तेलच बारीक तांब्याच्या नळीतून येतं. थरथरीने नळी तुटू नये म्हणून तिला एक वळसा द्यावा लागतो. तुटली तर तेल पायावर. या दोन कामांना आमचे दोन दिवस गेले, आणि जायलाच हवे होते.

शेवटी अडलं ते आकड्यांवरून. सुभेदारसाहेबांना जाड चष्मा. मी सुचवलं की इंजिन नीट चाललेलं असताना ऑइल आणि तापमानाच्या सुया सरळ वर राहतील अशी घड्याळं फिरवून बसवू. रेसच्या गाड्यांत हे करतात. एक सुई कलली की वाचायच्या आधीच डोळ्यात भरते. पण मग घड्याळावरची अक्षरं तिरकी होणार. एवढी दोरी-ओळंब्याची मेहनत करून पुन्हा तिरकं? मलाच ते पटेना.

"अक्षरं वाचायला बसू का गाडी चालवू?" त्यांनी विषय संपवला.

मे महिन्यात पहाटे इंजिन सुरू केलं. ऑइलची सुई थरथरत उठली आणि गार तेलामुळे जरा पुढेच जाऊन थांबली. तेल तापत गेलं तशी हळूहळू मागे येत सरळ उभी राहिली. पाण्याची सुई मात्र वेळ घेत होती. सुभेदारसाहेब ती वर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

माझी बदली झाली त्यानंतर दोन महिन्यांनी जीप साताऱ्याला पोचली. रंगाखाली त्या बुजवलेल्या दोन भोकांचे उंचवटे अजून अंगठ्याला लागतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मुद्दाम चाचपायला लावतात म्हणे: "हे आमच्या ईएमईवाल्याचं काम."