मनगटाला जागा लागते

मनगट जराही न वाकवता शर्टाचं बटण लावून पाहा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना सरळ दांड्याचं हत्यार हातात असलेल्या सर्जनची साधारण हीच गत असते. छिद्रातून गेलेली दांडी आत-बाहेर होते, स्वतःभोवती फिरते, चारही बाजूंना झुकते, बस्स. त्यात बाहेर हात डावीकडे नेला की आत टोक उजवीकडे जातं! म्हणून टोकाशी सांधा असलेली हत्यारं आली. मोठ्यांच्या पोटात त्यांचा सरळ फायदा. लहान मुलांच्या बाबतीत मात्र गोष्ट अडते, आणि मला तीच जास्त सांगाविशी वाटते.

काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मध्ये तुटलेली असते. दूध पोटात उतरतच नाही. १९४१ साली अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात कॅमेरॉन हाइट यांनी अशा एका मुलीची छाती उघडून दोन्ही टोकं जोडली आणि ती जगली. १९७०च्या दशकात स्टीफन गॅन्स आणि जॉर्ज बर्सी यांनी मुलांच्या पोटात बारीक दुर्बिणी घातल्या. पण तो मुख्यतः बघण्याचा उद्योग होता. दुर्बिणीतून बाळाची अन्ननलिका शिवायला १९९९ उजाडलं. थॉम लोब, स्टीव्हन रोथेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे केलं, तेही सरळ हत्यारांनी. बाळाच्या छातीत, काही मिलिमीटर रुंदीच्या नळीवर. एक टाका फाटला तर आतलं छातीत गळणार.

२०००मध्ये दा विंची रोबोला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याची हत्यारं ८ मिलिमीटर जाडीची. पुढे ५ मिलिमीटरची आली, तेव्हा बालशल्यविशारदांना हायसं वाटलं असणार. पण जाड हत्याराचं मनगट एका जागी वाकायचं. बारीक हत्यार सापासारखं, मणक्यामणक्यांनी. त्यामुळे वाकण्यासाठी त्याला छिद्राच्या पुढे जास्त लांबी लागायची. हत्यार बारीक झालं आणि जागा जास्त मागू लागलं! बाळाच्या छातीत नेमकी तीच नाही.

मग हत्यार पारखायचं कुठे? सर्जनच्या सरावासाठीच्या नेहमीच्या पेट्या मोठ्या माणसाच्या मापाच्या. टोरांटोतल्या गटाने मुलांच्या मापाची पेटी केली; कामं तीच, वस्तू उचलून ठेवणं, गोल कापणं, गाठ मारणं, फक्त जागा आखडलेली. माझ्या मते खरी परीक्षा इथेच. नुसतं घड्याळ लावलं तर मात्र फसगत होते: वीस वर्षं सरळ दांडी वापरलेला हात तिच्यानेच जलद चालणार. नवशिक्यालाही बसवावं, टाका किती नेटका पडला ते मोजावं. आणि डोळा टोकावर असताना हत्याराचं कोपर मागे कशाला घासतंय, तेही बघावं.

हाइट यांच्याच विद्यापीठात पुढे जेम्स गायगर या बालशल्यविशारदाच्या सहभागातून फ्लेक्सडेक्स तयार झालं: मोटार नाही, हत्यार हाताला बांधायचं, आपलं मनगट वळलं की टोक वळतं. किंमत रोबोच्या मानाने किरकोळ. जाडी मात्र पुन्हा ८ मिलिमीटर. दा विंचीच्या पुढच्या एक्सआय पिढीतही ५ मिलिमीटरची हत्यारं आली नाहीत. नवजात बाळाच्या छातीत अजूनही बहुतेकदा ३ मिलिमीटरची सरळ दांडीच जाते.