टेंगूळ, सीटी स्कॅन आणि आईचा शब्द

दीड वर्षाचं मूल दिवाणावरून खाली पडतं. बघता बघता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ येतं. घरातले सगळे कॅज्युअल्टीत पोचतात तोवर मूल रडून रडून शांत झालेलं असतं आणि डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ओढायला लागलेलं असतं. डॉक्टर डोकं चाचपतात, चार प्रश्न विचारतात आणि म्हणतात, "थोडा वेळ इथंच बसा, बघू. स्कॅनची गरज वाटत नाही." बाबांचा चेहरा पडतो. एवढं मोठं मशीन शेजारच्या खोलीत आहे, मग काढत का नाहीत?

माझं संशोधन वैद्यकीय प्रतिमांच्या इतिहासावर आहे. एमएस्सी भौतिकशास्त्रात झाल्यामुळे मशीनच्या बाजूनं विचार करायची सवय आहे. पण बाबांच्या या प्रश्नाचं उत्तर मशीनच्या इतिहासात अर्धंच मिळतं.

1895 मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि काही आठवड्यांतच डॉक्टर ते वापरू लागले. पण डोक्याच्या बाबतीत त्यांची एक मोठी अडचण होती: कवटी दिसायची, मेंदू नाही. हाडाला तडा आहे की नाही ते कळायचं, आत रक्त साचलंय का ते नाही. 1918 मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकन शल्यविशारदानं मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून क्ष-किरण चित्र काढायची युक्ती काढली. युक्ती अफलातून, पण रुग्णाचे हाल करणारी. दिवाणावरून पडलेल्या बाळावर असलं काही कोण करणार? त्यामुळे कित्येक दशकं उपाय एकच होता, तो म्हणजे लक्ष ठेवणं. मूल झोपलं तर मधूनमधून उठवून बघायचं, डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या तपासायच्या.

1 ऑक्टोबर 1971 ला लंडनजवळच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या यंत्रानं पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन केला. हाउन्सफिल्ड ईएमआय कंपनीत इंजिनिअर होता. तीच ती, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी. (बीटल्सच्या पैशातून सीटी आला ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्यानंही त्यात चांगलेच पैसे घातले होते.) सुरुवातीच्या यंत्रांना एकेका छेदाला काही मिनिटं लागायची. आता दीड वर्षाच्या मुलाला काही मिनिटं डोकं न हलवता झोपवून दाखवा! गुंगीचं औषध द्यावं लागायचं, आणि म्हणून डॉक्टर दहादा विचार करायचे. 1990 च्या दशकात सर्पिल गतीनं फिरणारी यंत्रं आली आणि हेच काम सेकंदांत व्हायला लागलं. अडथळा गेला तसे लहान मुलांचे स्कॅन भराभर वाढले.

2001 मध्ये डेव्हिड ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी एक हिशोब मांडला. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या आरोग्याच्या नोंदींवरून त्यांनी अंदाज काढला, की एक वर्षाच्या मुलाचा डोक्याचा एक स्कॅन केला तर त्यामुळे पुढच्या आयुष्यात कॅन्सरनं मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 0.07 टक्के असते. म्हणजे साधारण दीड हजारांत एक. हा त्या काळच्या किरणमात्रांवरचा अंदाज होता आणि त्यावर वादही झाले. पण प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही. एका पारड्यात आज नजरेतून सुटू शकणारा रक्तस्राव आणि दुसऱ्यात तीस-चाळीस वर्षांनंतरचा आजार, असा हा हिशोब होता.

म्हणून अमेरिकेतल्या 25 आपत्कालीन विभागांनी मिळून डोक्याला मार लागलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या 42,412 मुलांच्या नोंदी ठेवल्या. नेथन कुपरमन यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गंभीर दुखापत निघाली 376 मुलांना, म्हणजे 0.9 टक्के. मेंदूची शस्त्रक्रिया लागली फक्त 60 जणांना.

दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातून सहा खुणा निघाल्या. मूल गुंगलेलं किंवा नीट भानावर नसणं, हाताला कवटीचा तडा लागणं, पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपणं, तीन फुटांपेक्षा उंचावरून पडण्यासारखा जोरदार आघात, आणि डोक्याच्या बाजूला किंवा मागे टेंगूळ. कपाळावरचं टेंगूळ यात धरलेलं नाही! घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवणारं तेच असतं, पण डॉक्टरांचा हात मागे-बाजूला फिरत असतो तो यासाठी. सहावी खूण अशी: आईवडिलांच्या मते मूल नेहमीसारखं वागत नाही.

मला या संशोधनात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. प्रयोगशाळेत कुठलंही रीडिंग घेताना आधी मूळ रीडिंग लागतं, नाहीतर फरक कशाच्या तुलनेत मोजणार? डॉक्टर मुलाला पहिल्यांदाच बघतात, तेही दहा मिनिटं आणि रडताना. त्याचं मूळ रीडिंग फक्त घरच्यांकडे असतं. "हा एरवी असा गप्प बसत नाही हो" हे आईचं वाक्य म्हणजे नुसती काळजी नाही, हजारो मुलांच्या नोंदींमधून तावूनसुलाखून निघालेली ती एक मोजणी आहे. सहापैकी एकही खूण नसलेली 1,176 मुलं पडताळणीच्या गटात होती. त्यांच्यात गंभीर दुखापत एकालाही नव्हती.

अर्थात ही यादी डॉक्टरांच्या हातातली आहे, घरी बसून टिकमार्क करायची नाही. पहिल्या दोनपैकी एखादी खूण असली तर स्कॅन करावा असंच ती सांगते. उरलेल्या चारपैकी काही असेल तर स्कॅन करायचा की काही तास नजरेखाली ठेवायचं, हे ठरवताना आईवडिलांची इच्छाही विचारात घ्या असं तिथं लिहिलेलं आहे. आपल्याकडे मला इथं एक खाच दिसते. "चार तास थांबून बघू" हे शहरातल्या घराला सोपं आहे. शेवटची एसटी गाठून गावी परतायचं असलेल्या आईला नाही. तिला एकदा स्कॅन काढून मोकळं व्हावंसं वाटलं तर ते अज्ञान म्हणता येणार नाही.

दोन वर्षांवरच्या मुलांची यादी मात्र वेगळी आहे. तिच्यात उलटी आणि तीव्र डोकेदुखी आली. डोकं दुखतंय हे आता मूल स्वतः सांगू शकतं. आईवडिलांच्या मताची खूण त्या यादीत नाही.