बंब सोमेश्वरी

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण ज्याने रचली, त्याने अग्निशमनाचा निम्मा इतिहास चार शब्दांत सांगून ठेवला आहे. आग एका गावी, पाणी दुसऱ्या गावी, आणि मधल्या वाटेवर माणसांची धावाधाव! त्यातला ‘बंब’ हा शब्दही मोठा गमतीचा. पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून, म्हणजे पंपावरून, तो आपल्याकडे आला असे म्हणतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात धगधगतो तोही बंब, आणि घराला आग लागली म्हणजे घंटा वाजवीत येतो तोही बंब. एकाच्या पोटात विस्तव, दुसऱ्याच्या पोटात पाणी. पण नाव एकच! यंदा या दुसऱ्या बंबाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्या असे मनात आहे. त्याचे कारण आमच्या माधवनगरातच घडले. ते पुढे ओघाने येईलच.

पाणी जवळ असले म्हणजे आग विझते, असे आपण समजून चालतो. पुण्याच्या शनिवारवाड्याची हकिगत आठवा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून दगडी नळ बांधून पुण्यात पाणी आणले. वाड्यात हजारी कारंजे होते. कमळाच्या सोळा पाकळ्यांतून त्याच्या धारा उसळत. आणि तोच वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला तो आठवडाभर जळत राहिला! पाणी नळाने आणण्याची आणि उंच उडवण्याची विद्या आपल्या कारागिरांना साधली होती. पण कारंज्याचे पाणी धन्याच्या हुकमाने उडते. ज्वालेच्या हाकेला ओ देणे त्याला ठाऊक नसते. आग आणि पाणी यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, आणि तो माणूस कधी झोपलेला असतो, कधी घाबरलेला, कधी गावाला गेलेला.

हा मधला माणूस दूर करायला जगाला पाऊणशे वर्षे लागली. आणि त्या कथेचा पहिला धागा, आश्चर्य वाटेल, थेट आपल्या मुलखाला येऊन मिळतो. मिरज, सांगली, तासगाव हा सारा पटवर्धनांचा प्रदेश. या पटवर्धनांच्या फौजा कर्नाटकात हैदर आणि टिपू यांच्याशी लढल्या. परशुरामभाऊंनी १७९०-९१ मध्ये धारवाडचा वेढा चालवला. टिपूच्या सैन्याचे एक नामांकित अस्त्र होते बाण. दिवाळीत आपली पोरे बाटलीत उभा करून उडवतात, त्याचाच हा थोरला भाऊ. मात्र लोखंडी नळीचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, आणि हे बाण इंग्रजांनी विलायतेला नेले. तिथे विल्यम काँग्रीव्ह नावाच्या गृहस्थाने ते पाहून स्वतःचे बाण बनवले. १८०७ साली कोपनहेगन शहरावर जो अग्निवर्षाव झाला, त्यात काँग्रीव्हचे बाण होते.

याच माणसाने पुढे आग विझवण्याचे यंत्र केले! लंडनचे ड्रुरी लेन नाट्यगृह, नाटककार शेरिडनचे, १८०९ मध्ये जळून खाक झाले. १८१२ मध्ये नवे उभे राहिले, तेव्हा काँग्रीव्हने त्यात पाण्याची हवाबंद टाकी बसवली आणि छतापर्यंत भोके पाडलेले नळ फिरवले. आग ज्या भागात लागेल त्या भागाची तोटी फिरवली की वरून पाऊस. कल्पना नामी होती. परंतु तोटी फिरवायला माणूस हवाच! म्हणजे सोमेश्वरचा बंब रामेश्वरी आला खरा, पण त्याची किल्ली अजून पुजाऱ्याच्या कनवटीला.

ती किल्ली काढून घेतली ती सूतगिरण्यांनी. गिरणीत हवाच जळाऊ असते. कापसाचा उडता तंतू, तेल प्यालेल्या लाकडी जमिनी, आणि एक ठिणगी पुरे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या फॉल रिव्हर गावी १९ सप्टेंबर १८७४ रोजी ग्रॅनाइट मिल पेटली. वरच्या मजल्यांवर कामाला मुली आणि लहान मुले. मेलेल्यांचा आकडा विसाच्या घरात गेला. शाळेत मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकिगत वाचताना त्या मुलांची वये आधी दिसतात.

फिलिप प्रॅट याने १८७२ मध्ये आपोआप सुटणाऱ्या पाण्याचे पेटंट घेतले होते. फॉल रिव्हर जळाले त्याच वर्षी न्यू हेवन गावच्या हेन्री पार्मली याने स्वतःच्या पियानोच्या कारखान्यात आपले यंत्र बसवले, आणि १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेल याने ते सुधारून आजच्या रूपाजवळ आणले. यांची युक्ती इतकी साधी आहे की ती आपल्याला का सुचली नाही याचीच हळहळ वाटावी. नळात पाणी सदा भरलेले, दाबाखाली. नळाच्या तोंडाला बूच, आणि ते बूच धरून ठेवणारा डाग अशा मिश्रधातूचा की तो साधारण सत्तर अंशांच्या उष्णतेत वितळावा. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांची अशी एक मिश्रधातू आहे की तिचा चमचा केला तर कढत चहात विरघळून जाईल! आग पेटली, छताशी गरम हवा साठली, डाग वितळला, बूच गळून पडले, पाणी सुटले. कोणाला हाक नाही, कोणाची परवानगी नाही. आगीनेच आपल्या हाताने तोटी उघडावी, अशी ही योजना.

पुढे धातूच्या डागाऐवजी काचेची बारीक कुपी आली. तिच्यातला रंगीत द्रव तापून फुगतो आणि कुपी फुटते. लाल रंगाची ६८ अंशांना, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. मॉलमध्ये किंवा नव्या इस्पितळात गेलात तर मान वर करून पाहा. छताला लाल थेंबासारखी लटकलेली दिसेल. सिनेमात दाखवतात तसे सगळ्या तोट्यांतून एकदम पाणी कोसळत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. जिच्याखाली आग असेल तीच कुपी फुटते. घरातली आग बहुधा एका-दोन तोट्यांतच आटोपते.

या नळांबरोबर एक घंटाही आली, आणि माझे मन सर्वांत अधिक रमते ते या घंटेत. तोटी सुटली की नळातून पाणी वाहू लागते. त्यातलीच एक धार बाजूच्या छोट्या पाणचक्कीवर सोडलेली असते. चक्की फिरते आणि भिंतीबाहेरची पितळी घंटा ठणठणते. वीज नको, तार नको. पाण्यानेच आपल्या येण्याची वर्दी द्यावी! पण क्रम ध्यानात घ्या: आधी पाणी, मग वर्दी.

गिरणीवाल्यांनी हे सारे भूतदयेपोटी केले असे मानण्याइतका मी भोळा नाही. झकारिया ॲलन नावाच्या एका अमेरिकन गिरणीमालकाने आगीपासून सुरक्षित अशी गिरणी बांधली, तरी विमेवाले हप्ता कमी करीनात. तेव्हा त्याने १८३५ मध्ये इतर मालकांना घेऊन आपलीच परस्पर विमा मंडळी काढली. पुढे अशाच मंडळ्यांनी या तोट्यांचा कैवार घेतला. हिशेबाने का होईना, माणसे वाचली. इंग्लंडात मँचेस्टरच्या मेदर अँड प्लॅट कंपनीने ग्रिनेलचे हक्क घेतले. त्याच कंपनीच्या नावाचे पंप पुढे आपल्या चिंचवडला होऊ लागले.

आणि मधल्या माणसाची किंमत काय पडते? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी आग लागल्याचे कळले. जहाज जागच्या जागी बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, यावर अधिकाऱ्यांचा खल चालला. आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. पाण्याचे नळ धरून उभे असलेले बंबवाले त्यात गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. त्या बंबवाल्यांकडे पाणी होते. नव्हता तो निर्णय.

आता आमच्या गावाकडे येतो. माधवनगर हे बुधगावच्या पटवर्धनांनी वसवलेले गाव. धाकट्या पातीच्या मिरज संस्थानची राजधानी बुधगाव, आणि संस्थानिक माधवराव यांच्या नावाने ही पेठ. कापूस आणि सूत यांवर गाव वाढले. इथली कापडगिरणी, सांगलीत वेलणकरांची गजानन मिल, मग यंत्रमाग आणि सायझिंग. गावातल्या जुन्या माणसांना कापूस कसा पेटतो हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशाच एका जुन्या सायझिंग कामगाराचा मुलगा माझा विद्यार्थी. आता पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. गावी आईवडिलांसाठी त्याने दुमजली घर बांधले. वडिलांचे गुडघे गेलेले, आईला कमी ऐकू येते, आणि देवघरात समई अहोरात्र. त्याला धास्ती होती ती याचीच.

घरासाठी अशा तोट्या हा काही वेडा विचार नव्हे. अमेरिकेतल्या अग्निसंरक्षण संघाने एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी १९७५ मध्येच वेगळे नियम केले. वेल्समध्ये २०१६ पासून प्रत्येक नव्या घरात तोट्या सक्तीच्या आहेत. आपल्याकडे २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, पण बंगल्याच्या मालकाला तोट्या आठवतात त्या डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिलच्या आवारात चौदा माणसे गेली तशी बातमी छापून आली म्हणजे. चार दिवस आठवतात, इतकेच. माझ्या विद्यार्थ्याला त्या आठवत राहिल्या.

त्याचे घर ‘स्मार्ट’ होते. दिवे, पंखे, दाराचे कुलूप, सगळे मोबाइलच्या आज्ञेत. तो मला नकाशा दाखवीत म्हणाला, “सर, तोट्यांचं पाणीसुद्धा फोनवर घेतो. धूर दिसला की मला निरोप येईल, मी कॅमेऱ्यात बघेन, खरी आग असली तर पाणी सोडेन. उगाच फर्निचर भिजायला नको.”

वडील खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “मास्तर, म्हंजे आग लागल्यावर हे पोरगं मीटिंगमधनं उठंस्तवर पाण्यानं थांबायचं व्हय?”

इतका नेमका प्रश्न मला पुस्तकांत सापडला नव्हता. ज्या माणसाला पार्मली आणि ग्रिनेल यांनी मोठ्या कष्टाने वाटेतून दूर केले, त्यालाच आपण मोबाइल हाती देऊन पुन्हा वाटेत आणून बसवणार! शिवाय त्या घरात आणखी एक गुप्त शत्रू होता. टाकीखालच्या मुख्य नळावर गळती ओळखणारी विजेची झडप बसवलेली होती. पाणी फार वेळ एकसारखे वाहिले की तिला वाटते नळ फुटला, आणि ती आपण होऊन पाणी बंद करते. तोटी सुटल्यावर पाणी एकसारखेच वाहणार! म्हणजे आग विझत असताना शहाण्या घराने आपल्याच हाताने पाणी तोडायचे.

मग सारी जुळणी बदलली. तोट्यांचा नळ त्या शहाण्या झडपेच्या आधीच टाकीवरून वेगळा काढला. नुसत्या गच्चीच्या उंचीने वरच्या मजल्यावर पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून पंप हवा. आणि आग लागली की लोक आधी मेन स्विच पाडतात, म्हणून पंपाची वीज मेनच्या आधीच निराळी घेतली. पाणी किती? दोन तोट्या दहा मिनिटे चालतील इतके; म्हणजे हजार लिटरच्या आसपास, आपल्या गच्चीवरची एक काळी टाकी.

मोबाइलला काम उरले ते ऐकण्याचे. नळात पाणी वाहू लागले की एक पाते हलते, काही सेकंद थांबून स्विच जोडला जातो, आणि घराला निरोप जातो: दिवे लावा, पंखे थांबवा, दाराचे कुलूप सोडा, पुण्याला आणि शेजारी फोन करा. निरोपाची तार एकाच दिशेची. नळावर तिची काडीचीही सत्ता नाही. दुसरी तार मला याहून मोलाची वाटते. अशा तोट्या जिथे फसतात तिथे बहुधा कारण एकच निघते: कोणीतरी दुरुस्तीसाठी झडप बंद केली आणि उघडायची राहिली. म्हणून मुख्य झडपेच्या दांड्यावर स्विच बसवला, टाकीत पातळी सांगणारा तरंगता गोळा सोडला. झडप मिटली किंवा टाकी उतरली तर आग लागण्याच्या कितीतरी आधी पुण्याला कळते. हे काम मात्र मोबाइलने करावे. तो ते माणसापेक्षा चांगले करतो.

वडिलांनी एकच हट्ट धरला: गिरणीसारखी पाणचक्कीची घंटा पाहिजे. ती रस्त्याच्या अंगाला भिंतीवर बसवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते खुर्ची घेऊन अंगणात बसतात, नातू तपासणीची तोटी उघडतो, आणि घंटा ठणठणू लागते. आईलाही ती ऐकू येते. पुण्याहून मुलाचा फोन येतो तो त्यानंतर, अर्ध्या-पाऊण मिनिटाने.