नदीला उतार होता तेव्हा

गुगलवर ‘कर्जत’ टाकलं की आधी धबधबे येतात, मग फार्महाऊस, मग कोंढाण्याची लेणी. ते कर्जत रायगडातलं, मुंबईची लोकल जाते ते. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, कागदोपत्री आता अहिल्यानगर. आमच्याकडे लोकल नाही, लेणी नाहीत आणि पावसाचं तर बोलायलाच नको. पुण्यात रूमवर राहायला लागल्यापासून हा खुलासा मी इतक्या वेळा केलाय की आता कोणी ‘वीकेंडला तुझ्या गावाला येऊ का’ म्हणालं तर सरळ ‘ये’ म्हणतो. आल्यावर दाखवण्यासारखं एकच असतं. पाणी.

दुष्काळी तालुक्यात पाणी, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तालुक्याची दक्षिण हद्द म्हणजे भीमा नदी. सिद्धटेक, दुधोडी, गणेशवाडी, खेड ही आमची नदीकाठची गावं. खालच्या अंगाला ही नदी नदी राहतच नाही, उजनी धरणाचा फुगवटा होते. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला फ्लेमिंगो उतरतात. मग ड्रोनचे शॉट, मागे संथ म्युझिक आणि मालदीवछाप कॅप्शन. पुण्याहून माणसं पहाटे निघतात, एक होडी ठरवतात, दोन तास फिरतात, मासे खातात आणि परत जातात.

मीही तेच केलं, दोन मित्रांना घेऊन. एप्रिलचा शेवट होता, पाणी बरंच उतरलं होतं. पक्षी बघून झाल्यावर होडीवाल्या मामांना म्हटलं, “मामा, पळसदेवाच्या देवळाकडं चला की.”

“लांब पडंल. डिझेल जातंय.”

“देतो की वरचं.”

“मग चला.”

पळसदेवची गोष्ट पुणे-सोलापूर हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येकाने ओझरती ऐकलेली असते. पळसनाथाचं जुनं मंदिर धरणात गेलं. गाव वर हायवेजवळ आलं, देवालाही वर आणून नवं मंदिर बांधलं. जुनं मंदिर खालीच राहिलं. पाणी कमी झालं की आधी विटांचं शिखर दिसायला लागतं, मग कोरीव खांब, फारच कमी झालं तर आवारातले वीरगळ. आम्ही गेलो तेव्हा शिखर आणि त्याखालचा थोडा भाग वर होता. मामांनी इंजिन बंद केलं, होडी आपोआप पुढं सरकत राहिली. दगडी चौकटीच्या वरच्या कडेखालून आत अंधार दिसत होता, त्यात पाणी डुचमळत होतं आणि शेवाळाचा वास येत होता. गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाणारे डोंगरात कोरलेल्या लेण्यासाठी जातात. आमच्याकडे डोंगर नाही. माणसांनी उघड्यावर बांधलेल्या देवळाचंच पाण्याने लेणं केलंय.

मित्र व्हिडिओ काढत होते. मी मामांना विचारलं, “खाली किती पाणी असेल?”

“कुठं? हितं तर खाली गावच हाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही मॅपवर नाही. त्या तिथं जाळं टाकायचं नाही, खाली बाभूळबन होतं, खोडं अजून उभी आहेत, जाळं फाटतं. पलीकडं विहिरीचं कडं आहे, पाणी कमी असलं की पंखा आपटतो. ह्या पट्ट्याने गेलं की काही लागत नाही, कारण हा जुना गाडीरस्ता. मामांचा जन्म पाणी आल्यानंतरचा. गाव त्यांनी पाहिलेलं नाही. वडिलांनी जाळं कुठं टाकायचं हे शिकवलं, त्यातून त्यांना गाव पाठ झालं.

‘पाणी आल्यानंतर’ हा शब्द माझ्या आजीचाही. आमच्या घरात सनावळी अशीच चालते. मोठ्या काकांचा जन्म पाणी यायच्या आधीचा, धाकट्या आत्याचं लग्न पाणी आल्यावर. आजीचं माहेर पलीकडं, इंदापूर तालुक्यात. तिच्या लेखी ‘पलीकडं’ म्हणजे दुसरा जिल्हा नव्हता, नदीचा दुसरा काठ होता. पावसाळा सोडला तर भीमेला उतार असायचा, म्हणजे ठराविक ठिकाणी पाणी गुडघ्या-मांडीएवढं आणि खाली घट्ट वाळू. लुगडं वर खोचायचं, पोर कडेवर, भाकरीचं गाठोडं डोक्यावर. सकाळी निघाली की दुपारच्या जेवणाला माहेरी. पूर असेल तर नावाडी, भोपळ्याची सांगड, नाहीतर गुळाची काहील. ज्या कढईत उसाचा रस उकळायचा त्याच कढईत बसून माणसं नदी ओलांडायची. आजी सांगते तेव्हा हसते, पण काहिलीत बसताना देवाचं नाव घेतल्याशिवाय कोणी बसत नसे, हेही सांगते.

आमच्या भागाचा इतिहास खरं तर ह्या उतारांवरच उभा आहे. सिद्धटेकला, अष्टविनायकातल्या उजव्या सोंडेच्या गणपतीला, दौंडच्या बाजूने येणारे लोक पूल होईपर्यंत शिरापूरला उतरून होडीने नदी ओलांडायचे. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांचं पद गेलं तेव्हा त्यांनी इथं एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या, पद परत मिळालं, आणि पुढं बदामीचा किल्ला घेतल्यावर तिथले दगड आणून देवळाकडं येणारी फरसबंदी केली, अशी आख्यायिका आहे. दगड खरंच बदामीचे आहेत का यावर मी पैज लावणार नाही. पण नदीकाठच्या ह्या छोट्या टेकाडाचं महत्त्व पुण्याच्या दरबारात कोणालाही सांगावं लागत नव्हतं, हे नक्की.

सिद्धटेकपासून जवळच, शेजारच्या श्रीगोंदा तालुक्यात, पेडगाव. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ मधलं. मुघल सुभेदार बहादूरखान कोकलताश इथं भीमेच्या काठी तळ देऊन बसला, त्याच्या नावावरून किल्ल्याला बहादूरगड म्हणायला लागले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढं आणलं ते इथंच. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. एवढी फौज नदीकाठीच का बसली, हा प्रश्न शाळेत कधी कोणी विचारला नाही. घोडे, हत्ती, बैल यांना पाणी लागतं. आणि नदीचे उतार ज्याच्या ताब्यात, त्याला दख्खनची ये-जा दिसते.

पुढं रेल्वे आली. पुण्याहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५८ मध्ये डिकसळपर्यंत पोहोचली आणि पुढच्या वर्षी भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला गेली. डिकसळचा तो दगडी पूल धरणामुळं रेल्वेच्या कामाचा राहिला नाही. रूळ दुसरीकडून गेले आणि पूल रस्त्याला मिळाला. करमाळ्याच्या बाजूची माणसं त्यानंतर कित्येक वर्षं इंग्रजांनी रेल्वेसाठी बांधलेल्या पुलावरून मोटारसायकली न्यायची.

धरणाचं काम १९६६ ला सुरू झालं, १९८० ला संपलं. जलाशयाला नाव यशवंतसागर. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. बुडालेली जमीन सोलापूर, पुणे आणि नगर अशा तिन्ही जिल्ह्यांतली. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ ला. म्हणजे काम सुरू झालं तेव्हा, उठवलेल्या माणसाला काय द्यायचं हे सांगणारा कायदाच नव्हता. नवं गावठाण, प्लॉट, पर्यायी जमीन हे शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी शाळेत न जाता पाठ झाले ते ह्या काळात.

मात्र मी धरणाच्या विरोधात भाषण करायला बसलेलो नाही. सोलापूर त्या पाण्यावर जगतं. आमच्या काठाच्या लोकांनीही मोटारी टाकून, मैलभर पाइपलाइन करून ऊस केला, बंगले बांधले. माझं इंजिनिअरिंग त्याच उसाच्या बिलातून झालं. पण त्याच तालुक्यात काठापासून आत गेलं की उन्हाळ्यात टँकर यायचे. रेहेकुरीच्या माळावर काळविटांचं अभयारण्य आहे, तेही १९८० चंच. एकाच साली एका टोकाला समुद्रासारखं पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरड्या माळावरचं हरीण सरकारी कागदावर आलं.

उजनीचं एक गणित बाहेरच्या माणसाला समजावताना मला नेहमी मजा येते. आमच्याकडं धरण ‘उणे’ होतं. धरणात साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा आणि ५३ च्या वर उपयुक्त. उपयुक्त साठा संपला की पेपरात शून्य टक्के येतं, पण तेव्हाही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. तिथून पुढं उपसलं की वजा दहा, वजा वीस. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. म्हणजे मृतसाठ्यातलंही जवळपास निम्मं पाणी वापरून झालं होतं. त्या उन्हाळ्यात पळसनाथाचं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं आणि बघायला जत्रेसारखी गर्दी झाली. कुगावचा इनामदार वाडाही असाच वर येतो. ज्या वर्षी शेतकरी रडतो त्या वर्षी आमचा इतिहास बघायला मिळतो, अशी सगळी व्यवस्था.

पाणी मागं सरकलं की खाली सुपीक गाळ उघडा पडतो. त्यात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, आठवण मूळ मालकाची, आणि नांगर ज्याचा आधी पोहोचेल त्याचा. त्यावरून भांडणं होतात. ड्रोन शॉटमध्ये फ्लेमिंगो ज्या उथळ चिखलात ओळीनं उभे असतात, तो अशाच कोणाच्या तरी बांधावरचा चिखल असतो. पक्ष्यांना उथळ पाणी आणि त्यातले बारीक जीव मिळाले, ते कच्छच्या रणातून इकडं येऊ लागले. जे मासेमारी करत होते ते गाईड झाले. आमचे मामा पट्टकादंब आणि चित्रबलाक नीट उच्चारतात. आजीला विचारलं तर ती सगळ्यांना ‘ढोक’ म्हणते.

आणि ‘बोट’ म्हटलं की आमच्या काठाला आधी पक्षी आठवत नाहीत, वाळू आठवते. नदीच्या तळाची वाळू यांत्रिक बोटींनी उपसतात, महसूलवाले येतात, जिलेटिनने बोट उडवतात, फोटो पेपरात येतो, महिन्याभराने दुसरी बोट. ज्या घट्ट वाळूवर पाय ठेवून आजी माहेरी जायची ती वाळू पुण्याच्या स्लॅबमध्ये गेली. धरण उद्या रिकामं केलं तरी तो उतार आता सापडणार नाही.

फिरून आल्यावर मी आजीला देवळाचा व्हिडिओ दाखवला. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. शिखर ओळखलं, हात जोडले, आणि मग म्हणाली, “ह्येच्या डाव्या हाताला घाट हाय, तिकडं फिरव की.” मी म्हटलं, “आज्जे, व्हिडिओ हाय ती, फिरत न्हाई.” ती तरी मोबाइल जरा तिरपा करून बघत राहिली. पाणी आल्यावर तिचं माहेर नव्या गावठाणात गेलं, भावांनी घर बांधलं, पण ती तिथं फारशी रमली नाही. राशीनला जाऊन एसटी पकडायची, भिगवणला उतरायचं, तिथून पुढं दुसरी गाडी. आई वारली तेव्हा तिला निरोप मिळाला, निघाली आणि पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं. हे ती रागाने सांगत नाही. ‘पाणी आडवं आलं’ एवढंच म्हणते, आणि मला हा वाक्प्रचार आहे की नुसतं वर्णन, हे अजून ठरवता आलेलं नाही.

करमाळा आणि इंदापूरच्या काठांवर आजही माणसं होडीनेच पलीकडं जातात. रस्त्याने गेलं तर फार मोठा वळसा पडतो. दवाखाना, बाजार, लग्न, दहावा, सगळ्याला होडी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले, बाकीचे सहा जण गेले. त्यात दोन लहान मुलं होती. उजनीचं पाणी एरवी आरशासारखं असतं, पण वळवाचा वारा सुटला की मैलोन् मैल अडवायला काही नसतं आणि लाटा समुद्रासारख्या उठतात. त्यानंतर लाइफ जॅकेटची चर्चा झाली, तपासण्या झाल्या. कुगाव आणि शिरसोडीच्या मध्ये पूल व्हावा ही मागणी मात्र त्या बोटीहून कितीतरी जुनी. तो पूल मंजूर झालाय.

परतताना मामांनी आम्हाला जॅकेटं काढू दिली नाहीत. मित्राला सेल्फीत ते केशरी जॅकेट नको होतं. मामा म्हणाले, “फोटू काठावर काढा.” मी विचारलं, पूल झाल्यावर तुमच्या धंद्याचं काय? त्यांनी इंजिन जरा हळू केलं.

“माणसं पुलावरनं जात्याल, जाऊ द्या. त्येंच्याकडनं तसं बी काय मिळतंय? पलीकडली बाई दवाखान्याला निघाली तर पैसं मागवत न्हाईत. पक्षी बघायला येणारं येत्यालच की.” मग विहिरीचं कडं टाळायला त्यांनी होडी उजवीकडं घेतली.